“पेरलं तेच उगवणार ना” हे कुणी तोंडावर ऐकवलं तर

पत्र

आदरणीय ताई, ख्रिस्तात सलाम. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडला. फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही. तरुणपणी मी स्वतः आईशी अबोला धरला होता. तिच्या शेवटच्या आजारपणातही मी गेले नाही, आणि नंतर जायला कोणी उरलंच नाही. त्याबद्दल देवाजवळ कितीदा रडून क्षमा मागितली त्याला गणती नाही. गेल्या महिन्यात प्रार्थनासभेत मुलासाठी प्रार्थनेची विनंती केली, तर मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “पेरलं तेच उगवणार ना.” त्याआधी एका मोठ्या सभेत प्रचारकांनी सांगितलं होतं, गरज जेवढी मोठी तेवढं बीज मोठं पेरा. मी कर्ज काढून रक्कम दिली. मुलगा आला नाही, हप्ते मात्र सुरू आहेत. दर रविवारी संडे स्कूलचा वर्ग घेते, पण आता मुलांसमोर उभं राहवत नाही. आईशी जे वागले त्याचं पीक देव मला कापायला लावतोय का? अजून किती कापायचं राहिलंय?
— एक आई

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपाशी पेन इतकं दाबलं गेलंय की कागद मागच्या बाजूने उठलाय. बोटांना लागतं ते. म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागून.

नाही. देव तुमच्याकडून आईची फेड करून घेत नाही. तुमचं मन राखायला हे म्हणत नाही. पवित्र शास्त्र समोर उघडं ठेवून म्हणते आहे, आणि तुम्हीही तुमचं उघडा म्हणजे मी काय म्हणते ते पडताळून पाहता येईल.

गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय काढा. “माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल” हे सातवं वचन. त्या बाईंनी तेवढंच उचललं. आता जरा वर जा, पहिल्या वचनापाशी. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की कोणी एखाद्या अपराधात सापडला तर तुम्ही जे आध्यात्मिक आहात त्यांनी त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा. हे “ताळ्यावर आणणं” मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच मार्कच्या पहिल्या अध्यायात, पुढे येशूचे शिष्य झालेले याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते तिथे आलंय. फाटलेलं जाळं फेकायचं नाही, मांडीवर घेऊन एकेक गाठ बांधायची. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा. सहाव्यात, वचन शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटा द्या. आणि मग पेरणीचं वचन येतं. त्याच्या खाली नवव्यात, चांगलं करताना कंटाळू नका, आणि दहाव्यात, संधी मिळेल तसं सगळ्यांचं बरं करा. म्हणजे हे वचन ओझी वाहणाऱ्या, देणाऱ्या, थकत चाललेल्या माणसांना धीर द्यायला लिहिलंय. ज्या सभेत एक आई ओझं उतरवून ठेवायला आली होती, तिथे त्याच अध्यायातलं दुसरं वचन पाळायचं सोडून सातवं तिच्या अंगावर टाकलं गेलं.

त्या वचनात कडक शब्दही आहेत, ते मी लपवत नाही. “फसू नका, देवाचा उपहास व्हायचा नाही.” उपहास म्हणून जो मूळ शब्द आहे तो नाकावरून आलेला, म्हणजे अगदी आपलं “नाक मुरडणं”. देहस्वभावासाठी पेरायचं आणि आत्म्याचं पीक मागायचं, हे म्हणजे देवासमोर नाक मुरडणं. आता मला सांगा, आईच्या आठवणीने गुडघ्यावर येऊन रडणारी बाई देवासमोर नाक मुरडते आहे का?

या वचनाची एक दिशा आहे. ते पेरणाऱ्याशी बोलतं, मूठ अजून बंद असताना. आज तुझ्या हातात काय आहे ते बघ, ते कुठे टाकतोस ते बघ. उभं पीक बघून मागची पेरणी कुणाची आणि कसली हे ओळखायचं यंत्र म्हणून ते दिलेलं नाही. ज्यांनी तसं वापरलं त्यांना शास्त्रातच फटकारलंय. ईयोबाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात ईयोबाचा मित्र अलीफज हेच बोलतो: जे अधर्म नांगरतात आणि कष्ट पेरतात ते तेच कापतात, असं मी पाहिलंय. वाक्य ऐकायला किती खरं! पण ते तो कुणाला ऐकवतोय? ज्याची दहाही मुलं एका दिवसात गेली त्याला, राखेत बसलेल्याला. आणि बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याच अलीफजाला म्हणतो की तुझ्यावर माझा राग भडकला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनीही विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते असं समजू नका, असंही त्यानेच सांगितलं. त्याने ऐकणाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवलं. मेलेल्यांच्या पेरणीचा हिशेब मांडला नाही.

हे मला फार उशिरा कळलं. पंचवीसेक वर्षं झाली असतील. मंडळीतल्या एका माणसाला भेटायला मी दवाखान्यात गेले होते. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृत संपलेलं होतं. पलंगाजवळ त्यांची बायको स्टुलावर बसून चमच्याने त्यांच्या ओठांना पाणी लावत होती. मी शास्त्र उघडलं आणि हेच वचन वाचलं. मला वाटलं मी सत्य सांगते आहे, वेळ थोडा आहे. वाचून मान वर केली तर त्या बाईंचा चमचा वाटीत तसाच थांबलेला. ते मात्र शांतपणे म्हणाले, “बाई, हे मला पाठ आहे. दुसरं काही आणलंय का?” माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. खरं तर सगळं शास्त्र हातात होतं. येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराने आयुष्यभर काय पेरलं आणि अखेरच्या घटकेला त्याला काय मिळालं, ते सांगता आलं असतं. मी प्रार्थना उरकून निघाले. आठवड्याने ते गेले. तो चमचा माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेला नाही. तुम्हाला बोललेल्या बाईंवर मी फार रागावू शकत नाही, त्याचं कारण हेच.

आता मुलाविषयी. सगळ्यात मोठी गफलत मला इथे दिसते. तुम्ही लिहिता, “आईशी जे वागले त्याचं पीक.” भगिनी, तुमचा मुलगा पीक नाही. तो माणूस आहे. त्याच्या हातातही मूठ आहे आणि तोही पेरतो आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर आकाशाला आणि पृथ्वीला साक्षीला बोलावून म्हणतो की मी मुलांना वाढवलं, लहानाचं मोठं केलं, आणि ती माझ्याविरुद्ध उठली. आईबापांच्या पेरणीवरून मुलं अचूक ठरत असती, तर हे वाक्य देवाच्या तोंडी आलं असतं का? लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या त्या बापाने काय वाईट पेरलं होतं? तरी धाकटा वाटा मागून दूर देशी गेला, आणि थोरला घरात राहूनही दुरावलेला होता.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला गोड बोलून पाठवल्यासारखं होईल. क्षमा झाली म्हणून परिणाम पुसले जातात असं नाही. दावीद राजाला नाथान संदेष्टा म्हणाला, परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच दमात घरावर येणारं दुःखही सांगितलं. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याकोबाचं उदाहरण मला तुमच्या जास्त जवळचं वाटतं. त्याने हातांना करडांची कातडी बांधून, भावाचे कपडे घालून आंधळ्या बापाला फसवलं. पुढे त्याच्याच मुलांनी आपला भाऊ योसेफ याला विकलं, बकरा मारून त्याचा झगा रक्तात बुडवला आणि बापापुढे ठेवला. तिथेही कपडे, इथेही कपडे. तिथेही करडू, इथेही बकरा. पण शास्त्रकर्ता तिथे थांबून “बघा, पेरलं ते उगवलं” असं एका शब्दाने म्हणत नाही. तो म्हातारा कसा रडला तेवढंच लिहितो. योसेफ विकला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला तेव्हा ३०. त्यानंतर सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २. म्हणजे बाप सुमारे २२ वर्षं मुलाला मेलेलाच समजत होता. आणि अखेरीस तो योसेफाला म्हणतो, तुझं तोंड दिसेल असं मला वाटलं नव्हतं, आणि देवाने तर तुझी मुलंही मला दाखवली. हे कुठल्या पेरणीच्या हिशेबात बसतं? याकोबाने पेरलेल्यात तर असं काही नव्हतं.

फेड आणि परिणाम यांत मी फरक करते तो असा. फेड सावकाराला द्यायची असते, आणि आपला सावकार वधस्तंभावर स्वतःच देणं देऊन मोकळा झाला. आदामाच्या पापापायी जमिनीने काटे उगवले, असं उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ते काटे शिपायांनी विणून कुणाच्या डोक्यावर ठेवले ते तुम्ही संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलंय. दुसऱ्याच्या शेतातलं पीक त्याने डोक्यावर घेतलं. लोक म्हणतात “करावे तसे भरावे”. आपल्या विश्वासाचा पाया असा की जो भरायला नको होता त्याने भरलं. फेड संपली. परिणाम मात्र पाऊस पडून गेल्यावरच्या चिखलासारखा अंगणात राहतो, आणि तो झाडावा लागतो. तुमच्या मुलाने भांडण झाल्यावर बोलणं टाकलं. रागात अबोला धरायचा असतो हे त्याने कुठे पाहिलं असेल, हा प्रश्न तुम्ही स्वतःला एकदा शांतपणे विचारा. दुसऱ्या कुणाला तो विचारायचा अधिकार नाही, मलाही नाही. आणि उत्तर काहीही आलं तरी ते शिक्षेचा पुरावा म्हणून वापरू नका. आता मुठीत काय घ्यायचं, एवढ्यासाठीच त्याचा उपयोग करा.

पैशांचं बोलू. पत्रासोबत तुम्ही तो लिफाफा जोडलाय. एका बाजूला छापलंय “माझी गरज”, दुसऱ्या बाजूला “माझे बीज”, आणि गरजेच्या रकान्यात तुम्ही फक्त मुलाचं वय लिहिलंय. तो लिफाफा पाहून माझा जीव तुटला, आणि रागही आला. तुमचा नव्हे.

“जो सढळ हाताने पेरतो तो सढळ हाताने कापील” या अर्थाचं वचन दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात आहे, आणि अशा सभांत तेच वाचतात. पण पौल तिथे पैसे कशासाठी मागत होता? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा होत होती. पौलाच्या खर्चासाठी नाही, देणाऱ्याची अडचण सुटावी म्हणूनही नाही. ती रक्कम तो एकटा नेत नव्हता. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत होता, या दानावरून कुणी आमच्यावर ठपका ठेवू नये म्हणून, असं आठव्या अध्यायात त्यानेच लिहिलंय. त्याच अध्यायाचं बारावं वचन तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. उत्सुकता असली म्हणजे ज्याच्याजवळ जे असेल त्याप्रमाणे ते मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही. नसेल त्याप्रमाणे नाही! मग कर्ज काढून दिलेलं बीज देवाने मागितलेलंच नव्हतं. आणि नवव्या अध्यायात पीक कसलं सांगितलंय ते पाहा: प्रत्येक चांगल्या कामासाठी पुरेसं असावं, आणखी देता यावं, देवाचे आभार मानले जावेत. रक्कम टाकली की मुलगा परत, असा व्यवहार त्यात कुठेच नाही. माणसाच्या मनाला भाव लावता येत नाही, तुमच्या मुलाच्याही नाही.

दिलेलं वाया गेलं का? तुम्ही आईच्या मायेने दिलंत, आणि मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणारी विधवा ज्याला दिसली त्याला ते दिसलंय. पण हप्ते तुम्हालाच फेडायचे आहेत. म्हणून यापुढे अशा कुठल्याही लिफाफ्यात काही घालू नका. फोन आले, “तुमचा विश्वास अपुरा पडला, आणखी एक पाऊल टाका” असं म्हणाले, तर नको म्हणा आणि फोन ठेवा. कर्ज फिटेपर्यंत दानार्पणात तुमच्याकडून थोडंच गेलं तरी मान खाली घालू नका. आणि हे सगळं तुमच्या पाळकांना जाऊन सांगा. मंडळीत तुमच्यासारखे आणखी कोणी असतील, आणि तेही तुमच्यासारखेच गप्प असतील.

आता तुमचा थकवा. “आपण न खचलो तर यथाकाळी पीक पडेल” हे नववं वचन वाचून तुम्हाला भीती वाटत असेल की मी तर खचलेच, म्हणजे गेलं पीक. तर ऐका. इथे खचणं म्हणून जे ग्रीक क्रियापद आहे, गात्रं सैल पडणं असा ज्याचा अर्थ, तेच मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात येशूच्या तोंडी आहे. लोक तीन दिवस त्याच्याबरोबर होते आणि त्यांच्याजवळ खायला काही नव्हतं. त्यांना उपाशी पाठवलं तर वाटेत गळून पडतील, असं तो म्हणाला. मग त्याने काय केलं? गळून पडू नका असा उपदेश केला नाही. खाली बसायला सांगितलं आणि जेवू घातलं. तुम्हीही थोडं खाली बसा. वर्गाचं काम दोन-तीन महिने दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या. रविवारी मागच्या बाकावर बसा, कुणाला काही शिकवायचं नाही, गायचं नसेल तर गाऊही नका. पौलाने लावलेल्या रोपाला त्याचा सहकारी अपुल्लोस याने पाणी घातलं तेव्हा पौल दुसरीकडे होता. रोप म्हणून सुकलं नाही, वाढवणारा देव होता.

त्या वडीलधाऱ्या बाईंना एकटं गाठा, चारचौघांत नको. मत्तय अठरामध्ये सांगितलंय तसं. भांडायचं नाही. एवढंच म्हणा, “त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला फार लागलं. माझ्या मुलासाठी प्रार्थना कराल का?” कदाचित त्यांच्याही घरात असंच काही असेल. जी माणसं हे वाक्य चटकन बोलतात, त्यातल्या पुष्कळांना आतून आपल्याच पिकाची धास्ती असते, असं मी पाहिलंय.

आणि मुलाला पत्र लिहा. फोनवरचा निरोप नको, कागदावर लिहा. फोनवरच्या निरोपाला लगेच उत्तराची अपेक्षा चिकटते. कागद तो हवा तेव्हा उघडील. तुमच्याकडून काय चुकलं ते नाव घेऊन लिहा. “काही चुकलं असेल तर माफ कर” असं अजिबात नको. त्या “असेल”मध्ये माफी मरते. अमुक दिवशी मी तुला हे बोलले, ते चूक होतं, असं लिहा. तुमच्या आईची गोष्टही त्याला सांगा. त्याने ती कधी ऐकली नसेल. पण ती त्याला घाबरवायला नको, म्हणजे “बघ, माझ्यासारखी वेळ तुझ्यावर येईल” असं नको. तुम्हाला अबोला कसा जड गेला तेवढंच. एकही वचन लिहू नका. परत ये म्हणू नका. दार उघडं आहे, एवढं एका ओळीत. मग पाकीट टाका आणि झोपा. मार्कच्या चौथ्या अध्यायातला तो शेतकरी बी टाकून झोपतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसं रुजतं ते त्याला कळत नाही. महिन्याने दुसरं पत्र लिहा, त्यात फक्त घरातलं साधं काहीतरी. उत्तर आलं नाही तरी लिहा. ते येईलच, असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून दूर राहा.

आईला तर आता पत्र लिहिता येत नाही. पण तुमच्या मंडळीत अशी एखादी वृद्ध बाई असेलच जिच्याकडे कोणी जात नाही. वर्ग सोडल्यावर रविवारची ती वेळ मोकळी होईल. जमेल तेव्हा तिच्याकडे जाऊन बसा. हे प्रायश्चित्त म्हणून करू नका, त्याची गरज उरलेली नाही. तुम्हाला आईजवळ बसायचं होतं आणि ते राहून गेलं, म्हणून बसा.

तुमच्या पत्रात मुलाचं नाव नाही. संकोच वाटला असेल, समजू शकते. छापणार नाही; फक्त मला कळवा. सकाळच्या प्रार्थनेसाठी माझी एक वही आहे, तिच्यात त्याच्यासाठी एक ओळ कोरी ठेवली आहे.